मायलेज कोण खाते? इथेनॉलआधी वेगाचा हिशेब

पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेल्यापासून ‘गाडीचे मायलेज घटले’ ही तक्रार गोव्यातील पेट्रोल पंपांवर, गॅरेजांत आणि चहाच्या गाड्यांवर सारखी ऐकू येते. तक्रार निराधार नाही. एक लिटर इथेनॉल जाळल्यास एक लिटर पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी मिळते. पाचव्या हिश्शाइतके इथेनॉल मिसळले की मिश्रणातील ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते, हे गणित शाळकरी मुलालाही जमेल. नीती आयोगाने २०२१ च्या आपल्या आराखड्यात जुन्या धर्तीच्या चारचाकींबाबत सहा ते सात टक्के, तर दुचाकींबाबत तीन ते चार टक्के घट होईल असे नमूद केले होते. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये हा आकडा खाली आणला. वीस टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांत एक ते दोन टक्के, इतरांत तीन ते सहा टक्के, असे त्याचे म्हणणे होते. विनामिश्रण पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली आणि पंपावर निवड करण्याचा प्रश्न तूर्तास मिटला. धारबांदोड्याचा संजीवनी साखर कारखाना बंद पडल्यावर तेथे इथेनॉल प्रकल्प उभारण्याचे वायदे ऐकत आलेल्या गोमंतकीयांना या विषयात आणखी एक कडवट गंमत दिसत असेल, पण ती बाजूला ठेवू.

सर्वांत वाईट अंदाज धरला तरी इथेनॉलमुळे होणारी घट सात टक्क्यांची आहे. त्याच गाडीचा वेग ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर नेला, तर ती त्याच अंतरासाठी जवळजवळ चौथा हिस्सा अधिक इंधन पिते. पहिल्या घटीवर संसदेपासून समाजमाध्यमांपर्यंत वाद झडला, दुसरीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. पहिली सरकारने आपल्यावर लादली आहे, दुसरी आपण आपल्या उजव्या पायाने ओढवून घेतो, हे त्याचे एक कारण असावे. दुसरे कारण गोव्याच्या रस्त्यांत आहे. गेल्या काही वर्षांत राष्ट्रीय महामार्ग ६६ चे बरेच टप्पे चौपदरी झाले. मांडवीवर जानेवारी २०१९ मध्ये अटल सेतू आला, त्याच वर्षी काणकोणचा बगलरस्ता खुला झाला, झुआरीवरील नव्या पुलाची पहिली बाजू डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरी वर्षभराने सुरू झाली, आणि मोपा विमानतळामुळे पेडण्याच्या दिशेची वर्दळ वाढली. जुन्या दुपदरी रस्त्यावर पन्नास-साठच्या पुढे जाण्याची सोयच नव्हती. आज तीच गाडी, तोच चालक वेर्ण्याच्या पठारावर सहज शंभरी गाठतो. मायलेज घटल्याची खंत इथेनॉलच्या खात्यावर मांडताना हा बदल जमेस धरला पाहिजे.

वेग आणि इंधन यांचे नाते समजण्यासाठी गाडी कशाशी झुंजते हे पाहू. सपाट रस्त्यावर स्थिर वेगाने जाणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन गोष्टी मागे ओढतात. पहिली, टायर आणि रस्ता यांच्यातील रोध. टायर फिरताना सतत दबतो आणि पुन्हा फुगतो, त्यात ऊर्जा खर्ची पडते. हा रोध गाडीच्या वजनावर अवलंबून असतो आणि वेग वाढला तरी फारसा बदलत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हवा. गाडी हवेला कापत नसते, ढकलत असते. वेग दुप्पट झाला की प्रत्येक सेकंदाला दुप्पट हवा बाजूला सारावी लागते आणि तीही दुप्पट वेगाने. म्हणून हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर रोध चौपट.

बाराशे किलो वजनाची, रस्त्यावर सर्रास दिसणारी छोटी गाडी घेऊन हिशेब मांडू. टायरचा रोध सुमारे १४ किलोच्या ओझ्याइतका येतो. ताशी ६० किलोमीटरला हवेचा रोध सुमारे १२ किलोइतका, म्हणजे टायरपेक्षा थोडा कमीच. ८० ला तो २१ वर जातो, १०० ला ३३ वर आणि १२० ला ४८ वर. दोन्ही मिळून गाडीला अनुक्रमे २६, ३५, ४७ आणि ६२ किलोइतका जोर सतत लावावा लागतो. साधारण पासष्टच्या आसपास दोन्ही रोध समान होतात. त्याआधी आपण मुख्यतः गाडीचे वजन ओढत असतो, त्यानंतर मुख्यतः वारा ढकलत असतो. समोरून वारा असेल तर गाडीच्या दृष्टीने तोही वेगच ठरतो. आषाढात झुआरीच्या पुलावर ताशी वीस किलोमीटरचा वारा थेट समोरून येत असेल, तर काट्यावर ८० दिसत असताना हवेच्या लेखी गाडी शंभराने धावत असते.

यावरून इंजिनावर पडणारा ताण काढता येतो. ६० च्या वेगाला अवघी सहा अश्वशक्ती पुरते, ८० ला साडेदहा, १०० ला साडेसतरा आणि १२० ला साडेसत्तावीस. अशा गाडीच्या इंजिनाची क्षमता ऐंशी-नव्वद अश्वशक्ती असते. ती क्षमता चढ चढताना आणि वेग घेताना कामी येते. सपाटीवरील प्रवासाला तिचा लहानसा अंश पुरतो, आणि पेट्रोलचे इंजिन कमी भारावर काम करताना फारसे कार्यक्षम नसते. टाकीतील ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो, उरलेली उष्णता होऊन जाते. हा सारा हिशेब जुळवला तर आपल्या उदाहरणातील गाडी स्थिर वेगात, वरच्या गिअरमध्ये, ६० ला लिटरमागे सुमारे २७ किलोमीटर जाते, ८० ला २३, १०० ला साडेअठरा आणि १२० ला साडेचौदा ते पंधरा. प्रत्येक गाडीचे आकडे थोडे वेगळे येतील. उंच, चौकोनी बांध्याच्या एसयूव्हीला हवेचा मार अधिक बसतो, त्यामुळे तिचा उतार आणखी तीव्र असतो. टपावर सामानाची पेटी किंवा कॅरिअर लावून आलेल्या पर्यटकांच्या गाड्यांची गत तर त्याहून वाईट.

हे निव्वळ कागदी गणित नव्हे, याची साक्ष अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून मिळते. ७४ वाहनांच्या आकडेवारीवरून तेथील अभियंत्यांना आढळले, की ताशी ५० मैलांवरून, म्हणजे ८० किलोमीटरवरून, ६० मैलांवर गेल्यास मायलेज सरासरी १२ टक्क्यांनी घटते, ६० वरून ७० वर जाताना आणखी १४ टक्क्यांनी आणि ७० वरून ८० वर जाताना आणखी १५ टक्क्यांनी. ८० किलोमीटरवरून ११३ किलोमीटरपर्यंतच्या वाढीत चौथा हिस्सा मायलेज जाते. अमेरिकेतील गाड्यांची इंजिने मोठी, म्हणून तेथील घट आपल्या छोट्या गाडीच्या हिशेबापेक्षा काहीशी सौम्य दिसते. आपल्याकडे पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना कैक वर्षांपासून ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग पाळा, असे सांगत आली आहे. पेट्रोल पंपांवरची तिची पत्रके कोणी वाचत नाही, कारण चौपदरी महामार्गावर पन्नासने चालणे हा व्यवहार्य सल्ला नाही. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकल्यावर तो विरून जातो.

मग कमीत कमी वेगच उत्तम का? तसेही नाही. इंजिन चालू ठेवण्यासाठी, त्यातील घर्षणावर मात करण्यासाठी, पंखा, दिवे आणि वातानुकूलन चालवण्यासाठी वेग कितीही असला तरी इंधन लागतेच. ताशी वीसने जाताना हा ठरीव खर्च थोड्या किलोमीटरांवर पडतो, गिअरही खालचा असतो, म्हणून लिटरमागील अंतर घटते. त्यामुळे मायलेजचा आलेख टेकडीसारखा दिसतो. डावीकडून चढतो, साधारण पन्नास ते सत्तरच्या दरम्यान माथा गाठतो आणि ऐंशीनंतर उतरू लागतो. वातानुकूलन बंद ठेवून काचा उघडण्याचा जो काटकसरीचा उपाय सांगितला जातो, तो या टेकडीच्या डाव्या उतारावरच लागू पडतो. गावात काचा उघडा, महामार्गावर बंद ठेवा.

कंपन्यांच्या जाहिरातींतील मायलेजचा आकडा गाठता का येत नाही, याचेही उत्तर येथे सापडते. भारतातील चाचणी चालत्या रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत गाडी रुळांवर उभी करून ठरावीक आराखड्यानुसार सुमारे वीस मिनिटे ‘चालवतात’. पुण्याची एआरएआय ही अशा चाचण्या करणारी सर्वांत परिचित संस्था, म्हणून लोक त्याला ‘एआरएआयचे मायलेज’ म्हणतात. या आराखड्याचा मोठा भाग शहरी, पन्नासच्या आतल्या वेगाचा आहे आणि त्यातील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे. युरोपच्या ज्या जुन्या आराखड्यावरून तो बेतला, त्यात कमाल वेग १२० होता. भारतीय रस्त्यांकडे पाहून तो खाली आणला गेला. रस्ते पुढे बदलले, आराखडा तेथेच राहिला. शंभरने गाडी हाकणारा ग्राहक ज्या आकड्याशी आपल्या गाडीची तुलना करतो, त्या चाचणीत गाडी शंभराला एकदाही पोहोचलेली नसते. त्याने फसवणुकीचा आरोप करावा की नाही, हा वेगळा प्रश्न, पण तुलना मुळातच विजोड आहे.

आता पैशांकडे आणि वेळेकडे वळू, कारण वेगाचे समर्थन नेहमी वेळेच्या नावाने होते. हिशेबासाठी पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरू आणि पणजी-मडगावइतके, म्हणजे तीस किलोमीटरचे मोकळे अंतर घेऊ. ६० ने ते कापायला ३० मिनिटे आणि १११ रुपये लागतात. ८० ने साडेबावीस मिनिटे आणि १३० रुपये. १०० ने १८ मिनिटे आणि १६१ रुपये. १२० ने १५ मिनिटे आणि २०४ रुपये. याचा अर्थ असा, की साठवरून ऐंशीवर जाताना साडेसात मिनिटे वाचतात आणि त्यासाठी एकोणीस-वीस रुपये मोजावे लागतात. तासाच्या भावाने हे दीडशे रुपये झाले. बहुतेक नोकरदारांना हा सौदा परवडावा. ऐंशीवरून शंभरावर जाताना साडेचार मिनिटांसाठी तीस रुपये, म्हणजे तासाला चारशे. शंभरावरून एकशेवीसवर जाताना तीन मिनिटांसाठी त्रेचाळीस रुपये, म्हणजे तासाला साडेआठशेच्या पुढे. वाचवलेल्या वेळेचा भाव प्रत्येक टप्प्यावर दुपटीहून अधिक वाढत जातो. ज्याला मोपाचे विमान गाठायचे आहे किंवा रुग्णाला बांबोळीला न्यायचे आहे, त्याच्या वेळेला कोणताही भाव रास्त आहे. रोज कार्यालयात जाणाऱ्याने मात्र, आपल्या तासाला चारशे रुपये कोण देते, असा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर शंभराऐवजी ऐंशीने चालवणाऱ्याला पेट्रोल लिटरमागे वीस रुपये स्वस्त मिळाल्यासारखे होते. या राज्याला स्वस्त पेट्रोल म्हणजे काय, हे आठवत असेल. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हा दर लिटरमागे अकरा रुपयांनी उतरले. देशभर त्याची चर्चा झाली आणि सीमेपलीकडची वाहने टाकी भरायला गोव्यात येऊ लागली. त्या निर्णयाने जितके दिले, त्याच्या जवळजवळ दुप्पट सवलत महामार्गावर वेग आवरणाऱ्याला आजही मिळते. अर्थात मोकळ्या रस्त्यावर, आणि तेवढ्यापुरतीच.

‘मोकळ्या रस्त्यावर’ ही अट गोव्यात फार मोठी आहे. पणजीहून मडगावला निघालेला माणूस तीस किलोमीटर एका वेगाने कधीच जात नाही. पर्वरीच्या उन्नत मार्गाच्या कामाने जी कोंडी केली, ती अनुभवलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. बोरीच्या जुन्या पुलावर, म्हापशाच्या आत, शनिवार-रविवारी कळंगुटच्या रस्त्यावर काटा वीसच्या वर सरकत नाही. कोंडीतून सुटलेला चालक गेलेला वेळ भरून काढण्यासाठी पुढच्या मोकळ्या पट्ट्यात गाडी पिटाळतो. त्याला वाटते, वेळ असा परत मिळेल. एक साधा हिशेब पाहा. शंभराने एक किलोमीटर जायला ३६ सेकंद लागतात, एकशेवीसने ३०. म्हणजे जिवावर उदार होऊन किलोमीटरमागे सहा सेकंद मिळाले. उलट जेथे वेग चाळीस आहे तेथे तो साठ झाला, तर किलोमीटरमागे ९० सेकंदांऐवजी ६० लागतात, तीस सेकंद वाचतात. वीसचा वेग चाळीस झाला तर तब्बल नव्वद सेकंद. वेळ वाचतो तो संथ जागा सुधारल्याने. कुठ्ठाळी-आगशीची जुनी कोंडी नव्या पुलाने फुटली तेव्हा प्रवाशांना जो वेळ मिळाला, तो कोणत्याही एकशेवीसच्या धावेने मिळाला नसता. शिवाय तेथे इंधनही वाचले. वेगाच्या टेकडीच्या डाव्या उतारावर वर चढणे आणि उजव्या उतारावर खाली घसरणे यांत हा फरक आहे. रस्तेबांधणीवर खर्च होणाऱ्या पैशाचा विचार करणाऱ्यांनी ‘किती वेगाने धावता येईल’ यापेक्षा ‘कोठे थांबावे लागते’ याची मोजदाद आधी करावी, असे या आकड्यांवरून दिसते.

थांबण्याचा खर्चही मोजता येतो. थांबलेली गाडी पन्नासच्या वेगाला न्यायला जी ऊर्जा लागते, तिच्यासाठी साधारण १८ मिलिलिटर पेट्रोल खर्च होते. ऐंशीला न्यायला ४६, शंभरला न्यायला सत्तरच्या वर. ब्रेक दाबला की ही सारी ऊर्जा ब्रेकच्या पट्ट्या तापवण्यात जाते, परत मिळत नाही. पन्नासने येऊन गतिरोधकापाशी दहावर आलेला चालक दर गतिरोधकाला पावणेदोन रुपये वाहून पुढे जातो. दिवसात असे वीस गतिरोधक लागले तर पस्तीस रुपये झाले. शाळेपाशी, देवळापाशी गतिरोधक हवेतच. पण ग्रामपंचायतीच्या दर वॉर्डाला एक, तोही रंगवलेला नाही आणि मापातही नाही, अशी जी पद्धत आपल्याकडे रुळली आहे, तिचा खर्च कोणाच्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. चालकाच्या हाती एवढेच, की पुढचा सिग्नल लाल दिसताच पाय आधी उचलावा. आजच्या गाड्यांत पाय पेडलवरून काढला आणि गाडी गिअरमध्ये असली की इंधनाचा पुरवठा पूर्ण थांबतो. अखेरच्या क्षणी ब्रेक दाबणारा तोवर पेट्रोल जाळत येतो आणि त्याच लाल दिव्यापाशी थांबतो.

हीच बाब घाटातही लागू पडते, आणि तेथे एक घातक समजूत अजून टिकून आहे. गोव्यातून चोर्ला किंवा अनमोड चढून बेळगावला जाणारी गाडी समुद्रसपाटीवरून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर जाते. चार माणसांसह दीड टनाची गाडी एवढी वर उचलायला सव्वा लिटरच्या आसपास पेट्रोल लागते. अंतराच्या खर्चाखेरीज हे वेगळे. म्हणून बेळगावला जाताना मायलेज पडते आणि येताना ते वाढलेले दिसते. येताना ते आणखी वाढावे म्हणून काही जण उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यातून थोडे इंधन वाचत असे. आताच्या गाड्यांत उलटे घडते. गिअरमध्ये असलेल्या गाडीचे इंजिन उतारावर थेंबही पीत नाही, न्यूट्रलमधले मात्र चालू राहण्यासाठी पिते. आणि इंजिनाचा रोध हरवल्याने सारा भार ब्रेकवर येऊन ते तापतात, तो धोका निराळाच.

गोव्याच्या रस्त्यांवरील बहुसंख्य वाहने दुचाकी आहेत, त्यांच्याविषयी थोडे. स्कूटर हलकी असते, पण हवेच्या दृष्टीने तिची रचना वाईट. सरळ बसलेला स्वार म्हणजे उभी फळीच. तिच्या बाबतीत ताशी चाळीसलाच हवेचा रोध टायरच्या रोधाहून अधिक होतो आणि साठच्या वेगाला एकूण रोधाचा तीन चतुर्थांश भाग हवेचा असतो. म्हणून स्कूटरचे मायलेज चाळीस-पन्नासच्या दरम्यान उत्तम असते आणि साठनंतर झपाट्याने पडते. महिन्याचा पगार पेट्रोलच्या हिशेबाने जपून वापरणारा कामगार वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत सत्तरने स्कूटर हाकत पोहोचतो, तेव्हा वाचलेली मिनिटे त्याला सर्वांत महाग पडतात, कारण त्याच्या तासाचा भाव कमी आहे. पायलटांनी हे गणित अनुभवाने केव्हाच ओळखले आहे. भाडे घेऊन जाणारा मुरलेला पायलट क्वचितच उडत जातो.

विजेवरील गाड्यांमुळे हा प्रश्न मिटेल असे काहींना वाटते. तो अधिक ठळक होतो. विजेचे इंजिन जवळजवळ सारी ऊर्जा चाकांना देते, तेथे उष्णतेच्या नासाडीआड काही लपत नाही, त्यामुळे रोधातील प्रत्येक वाढ थेट बॅटरीवर उमटते. ८० च्या स्थिर वेगाने तीनशे किलोमीटर जाणारी विजेची गाडी १०० ने सव्वादोनशेच्या आसपास थकते. गावातील थांबत-धावत प्रवासात मात्र तिचा फायदा असतो, कारण ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या ऊर्जेचा काही भाग ती परत बॅटरीत भरते. पर्यटकांना भाड्याने द्यायच्या नव्या गाड्या विजेवरच्या असाव्यात अशी घोषणा राज्य सरकारने २०२३ मध्ये केली होती. पत्रादेवी ते पोळे हे राज्यातील महामार्गाचे अंतर दीडशे किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे गोव्यासारखे राज्य विजेच्या गाडीला सोयीचे. पण पणजीहून कोल्हापूर किंवा पुणे गाठू पाहणाऱ्याने जाहिरातीतला आकडा वेगाच्या चाळणीतून गाळून घ्यावा.

इंधनासाठी सरकारांनी वेग कमी केल्याची उदाहरणे आहेत आणि त्यांचा इतिहास बोलका आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर जर्मनीने त्या हिवाळ्यात आपल्या द्रुतगती मार्गांवर काही महिने शंभरची मर्यादा घातली. अमेरिकेत अध्यक्ष निक्सन यांनी जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटरची मर्यादा लागू करणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. तो १९८७ मध्ये सैल झाला आणि १९९५ मध्ये रद्द झाला. लिबियातील संघर्षाने तेल महागल्यावर स्पेनने २०११ मध्ये चार महिने १२० ची मर्यादा ११० वर आणली. युक्रेन युद्धानंतर आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने मार्च २०२२ मध्ये तेलबचतीचे दहा उपाय सुचवले, त्यात महामार्गांवरील वेग किमान दहा किलोमीटरने घटवा, हा एक होता. नेदरलँड्सने २०२० पासून दिवसा शंभरची मर्यादा घातली ती नायट्रोजनच्या प्रदूषणापायी.

अमेरिकेच्या उदाहरणात दोन धडे आहेत. इंधनाची बचत अपेक्षेपेक्षा बरीच कमी झाली. लोकांनी मर्यादा पाळली नाही, आणि एकूण इंधनापैकी थोडाच वाटा वेगवान महामार्गांवर जळत होता. पण रस्त्यांवरील बळी एका वर्षात चोपन्न हजारांवरून पंचेचाळीस हजारांवर आले. लोकांचे फिरणे कमी झाले हे त्याचे एक कारण, घटलेला वेग हे दुसरे. ज्या वर्गाच्या नियमाने हवेचा रोध वाढतो, त्याच नियमाने धडकेची ऊर्जा आणि थांबायला लागणारे अंतर वाढते. ऐंशीवरून शंभरावर गेलेल्या गाडीत ५६ टक्के अधिक ऊर्जा असते, आणि ती खांबावर, दुभाजकावर किंवा समोरच्या स्कूटरवर रिती होते. गोव्यात दरवर्षी अडीचशे ते तीनशे माणसे रस्त्यांवर मरतात आणि त्यांत दुचाकीस्वार बहुसंख्य असतात. त्यामुळे केवळ इंधनासाठी गोव्याने मर्यादा आणखी खाली आणावी, असे म्हणणे मला पटत नाही. बचत व्यक्तीला मोठी आणि राज्याला किरकोळ ठरेल. असलेल्या मर्यादा पाळल्या जाव्यात, ही मागणी मात्र दोन्ही बाजूंनी टिकते.

केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने द्रुतगती मार्गावर मोटारींना १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि इतर रस्त्यांवर ७० अशा कमाल मर्यादा ठरवल्या. राज्यांना त्याखाली जाण्याची मुभा आहे. बस आणि मालट्रकांसारख्या वाहनांसाठी ८० चा गतिनियंत्रक बंधनकारक झाला त्याला दशक होत आले. कदंबच्या बसगाड्यांत त्यामुळे डिझेल वाचते, ही त्याची न बोललेली बाजू. अडचण खासगी मोटारी आणि भाड्याच्या गाड्यांची आहे. एका जागी रडार घेऊन उभा असलेला पोलीस दिसताच ब्रेक दाबायचा आणि वळण ओलांडताच पुन्हा पेडल दाबायचे, ही चाल सर्वांना अवगत आहे. इंधनाच्या दृष्टीने तर ती सर्वांत वाईट, कारण तीत वेगही आहे आणि ब्रेकही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आता दोन कॅमेऱ्यांमधील अंतर आणि लागलेला वेळ यांवरून सरासरी वेग काढला जातो. पोलीस दिसताच ब्रेक दाबण्याची युक्ती तेथे चालत नाही. मधल्या चहाला थांबणारा सुटेल, पण मग त्याने वेगाने मिळवलेली मिनिटे चहात गेलेली असतात. गोव्यात अशी यंत्रणा बसवायची तर सलग, फाटे कमी असलेले पट्टे हवेत. काणकोणचा बगलरस्ता आणि धारगळ-पत्रादेवी हा भाग त्याला योग्य वाटतो. आगशी ते वेर्णा या पट्ट्यात फाटे फार आहेत, तेथे कॅमेऱ्यांच्या जोड्या जवळजवळ लावाव्या लागतील आणि खर्च वाढेल.